हेडफोन अॅम्प्लिफायरची निवड : तांत्रिक परिमाणांचे वाचन आणि महाविद्यालयाची गरज

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या भाषा प्रयोगशाळेसाठी ध्वनिसाहित्य घ्यावयाचे ठरले की खरेदी समितीपुढे तीन दरपत्रके येतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि ज्याचा दर कमी त्याला पुरवठा आदेश दिला जातो. खुर्च्या, कपाटे किंवा पंखे यांच्या बाबतीत ही पद्धत बऱ्याच अंशी निभावून जाते. कारण तेथे काय मागितले आहे आणि काय आले आहे हे समितीच्या प्रत्येक सदस्यास समजते. हेडफोन अॅम्प्लिफायरसारख्या उपकरणाच्या बाबतीत मात्र दरपत्रकातील तांत्रिक परिमाणे वाचणारा सदस्य सहसा नसतो. पुरवठादाराने छापील पत्रकावरून उतरवलेले आकडेच पुढे अटी म्हणून स्वीकारले जातात. अशा खरेदीत दोन प्रकारचा तोटा संभवतो. एक तर ज्याची गरजच नाही असे उपकरण जडवस्तू संग्रह नोंदवहीत जमा होते. किंवा गरज असलेले उपकरण असे येते की त्याने आवाज वाढतो, पण शब्द स्पष्ट होत नाहीत. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे, कारण तो विद्यार्थ्याच्या कानावर पडतो.

हेडफोन अॅम्प्लिफायर म्हणजे ध्वनिस्रोत व हेडफोन यांच्या मध्ये बसणारा लहान विवर्धक होय. संगणक, ध्वनिमुद्रक किंवा मोबाइल यांतून निघणारा क्षीण विद्युत् संकेत हेडफोनमधील पडदा हवा तितका हलवू शकेल इतका समर्थ करणे, एवढेच त्याचे कार्य आहे. प्रस्तुत लेखात या उपकरणाच्या परिमाणांपैकी कोणती निर्णायक आहेत आणि कोणती केवळ शोभेची आहेत याचा विचार केला आहे. अॅम्प्लिफायरची निवड अॅम्प्लिफायरपासून सुरू करता येत नाही. ती हेडफोनपासून आणि तो जेथे वापरावयाचा त्या खोलीपासून सुरू करावी लागते. त्यासाठी ओहमचा नियम आणि लॉगॅरिथम यांपलीकडचे गणित लागत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भातील गरज

आजच्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर असे सात तालुके येतात. येथील महाविद्यालयांत येणाऱ्या बहुसंख्य ग्रामीण विद्यार्थ्यांची घरची बोली झाडीबोली आहे. या बोलीच्या व येथील लोकरंगभूमीच्या अभ्यासासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दीर्घकाळ काम केले आहे. झाडीबोलीत ण, ळ, छ, श आणि ष या व्यंजनांचा उच्चार सामान्यतः होत नाही. त्यामुळे ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चा ‘डोरा’ आणि ‘शेत’चे ‘सेत’ होते. हा बोलीचा नियम आहे, दोष नव्हे. तो अशुद्धपणा मानून वर्गात हसण्यावारी नेण्याची सवय अद्याप गेलेली नाही, ही वेगळी खंत. परंतु प्रमाण मराठी किंवा इंग्रजी शिकताना या विद्यार्थ्यास ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद प्रथम ऐकू यावा लागतो. इंग्रजीतील ‘सिप’ व ‘शिप’ हे दोन शब्द ज्याच्या कानाला एकच वाटतात, त्याच्याकडून ते वेगळे उच्चारले जाणे कठीण आहे.

येथे ध्वनिशास्त्रातील एक बाब महत्त्वाची ठरते. ‘श’ या ध्वनीची ऊर्जा साधारणतः दोन ते अडीच किलोहर्ट्झपासून वर पसरलेली असते, तर ‘स’ची ऊर्जा प्रामुख्याने चार किलोहर्ट्झच्या वर असते. जुन्या दूरध्वनीची मर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्झ होती. म्हणूनच दूरध्वनीवर नाव किंवा आडनाव सांगताना ‘स’ की ‘श’ असे पुन्हा विचारावे लागत असे. वरच्या कंप्रता नीट न ऐकवणारे साहित्य भाषा प्रयोगशाळेत बसवले, तर जो भेद शिकवावयाचा तोच गाळला जातो.

महाविद्यालयात हेडफोनचे उपयोग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला भाषा प्रयोगशाळेतील श्रवणाचा. दुसरा बोलीच्या ध्वनिमुद्रणांचे श्रवणलेखन करण्याचा. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली सर्वेक्षणामुळे राज्यातील गावागावांतील भाषकांची ध्वनिमुद्रणे अभ्यासकांस उपलब्ध झाली असून, पदव्युत्तर विद्यार्थी स्वतःही मुद्रणे करीत असतात. तिसरा उपयोग दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांच्या मुद्रणांचा किंवा शास्त्रीय संगीताचा अभ्यास करण्याचा. या तिन्ही ठिकाणी अॅम्प्लिफायरकडून होणारी अपेक्षा सारखी नाही. पहिल्यात एकाच स्रोतावर अनेक हेडफोन चालवावे लागतात. दुसऱ्यात हळू आवाजातील अस्पष्ट उच्चार पकडण्यासाठी शांतता लागते. तिसऱ्यात डफाच्या एका थापेसाठी क्षणभर मोठी शक्ती लागते.

अनेक भाषा प्रयोगशाळा संगणकाधारित असून त्यांत यूएसबी जोडणीचे हेडफोन वापरले जातात, याचीही नोंद येथे घ्यावयास हवी. अशा हेडफोनमध्ये ध्वनीचे रूपांतर करणारा परिपथ व अॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. तेथे बाहेरून वेगळा अॅम्प्लिफायर जोडण्यास जागाच नाही. तरीही दोन्ही वस्तू एकाच मागणीपत्रात लिहिल्या जाऊ शकतात; ते टाळावे.

हेडफोनवरील दोन आकडे

हेडफोनच्या वेष्टनावर इम्पीडन्स आणि संवेदनशीलता हे दोन आकडे दिलेले असतात. इम्पीडन्स, म्हणजे परिभाषेतील संरोध, हा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध असून तो ओहममध्ये मोजतात. सामान्य हेडफोनचा इम्पीडन्स १६ ते ३२ ओहम असतो; स्टुडिओतील काही हेडफोनचा २५०, ३०० किंवा ६०० ओहमही असतो. संवेदनशीलता म्हणजे ठराविक विद्युत् संकेत दिल्यावर किती डेसिबल ध्वनी निर्माण होतो त्याचे माप.

संवेदनशीलता दोन रीतींनी छापली जाते : एक मिलिवॅट शक्तीस किती डेसिबल, किंवा एक व्होल्ट दाबास किती डेसिबल. दोन्ही आकडे खरे असले तरी त्यांची परस्परांशी तुलना होऊ शकत नाही. उदाहरणार्थ, एकेजी के २४० स्टुडिओ हा ५५ ओहमचा हेडफोन घेऊ. त्याची संवेदनशीलता एक मिलिवॅटला ९१ डेसिबल आणि एक व्होल्टला १०४ डेसिबल अशी दिली जाते. हेडफोन एकच, आकडे दोन. आता दुसऱ्या एखाद्या ३२ ओहमच्या हेडफोनवर ‘९८ डेसिबल’ असे छापले असून ते एका मिलिवॅटचे आहे असे समजू. तुलनात्मक तक्त्यात १०४ व ९८ शेजारी लिहिले गेले की पहिला हेडफोन अधिक संवेदनशील वाटेल. प्रत्यक्षात दुसरा एका व्होल्टला ११३ डेसिबल देतो, म्हणजे पहिल्यापेक्षा ९ डेसिबल अधिक. रूपांतराचे सूत्र सोपे आहे : हजारास इम्पीडन्सने भागावे, भागाकाराचा दशमान लॉगॅरिथम घेऊन त्यास दहाने गुणावे, आणि येणारी संख्या मिलिवॅटच्या आकड्यात मिळवावी. ३२ ओहमसाठी ही मिळवणी सुमारे १५, २५० ओहमसाठी ६ आणि ६०० ओहमसाठी २.२ येते. तक्ता करण्यापूर्वी सर्व हेडफोन एकाच मापात आणले नाहीत, तर तो तक्ता निरर्थक ठरतो.

किती व्होल्ट, किती मिलिअॅम्पिअर

हेडफोन ठरल्यावर अॅम्प्लिफायरकडून काय हवे हे कागदावर काढता येते. त्यासाठी सर्वांत मोठ्या क्षणिक आवाजाची पातळी गृहीत धरावी. संभाषण ७० ते ७५ डेसिबल सरासरीने ऐकले, तरी त्यातील शिखरे त्याहून १२ ते १५ डेसिबल वर जातात. म्हणून भाषाश्रवणासाठी ९५ डेसिबलची मर्यादा पुरेशी आहे. संगीतात, विशेषतः चर्मवाद्यांत, सरासरी व शिखर यांत २० डेसिबल किंवा अधिक अंतर पडते. तेथे ११० डेसिबलपर्यंत अवकाश ठेवणे योग्य. हा अवकाश क्षणिक शिखरांसाठी आहे, त्या पातळीवर ऐकत राहण्यासाठी नाही.

प्रथम भाषा प्रयोगशाळेचा विचार करू. ३२ ओहमचा, एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा साधा हेडफोन एका व्होल्टला ११५ डेसिबल देतो. ९५ डेसिबलसाठी त्यास एक दशांश व्होल्ट आणि सुमारे ३ मिलिअॅम्पिअर प्रवाह लागतो. शक्ती एका मिलिवॅटच्या तिसऱ्या भागाहूनही कमी. संगणकाच्या हेडफोन खोबणीतून साधारणतः एक व्होल्टच्या आसपास दाब मिळत असल्याने येथे अॅम्प्लिफायरची आवश्यकताच उरत नाही. एका संगणकावर एक विद्यार्थी बसणार असेल, तर यासाठी ठेवलेली तरतूद चांगल्या हेडफोनकडे वळवणे हेच शहाणपणाचे.

संगीताचे उदाहरण वेगळे आहे. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत विकला गेला आहे. संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल धरल्यास ११० डेसिबलसाठी १४ डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट शक्ती लागते. ही शक्ती तिन्ही आवृत्त्यांना सारखीच आहे. पण ती पोहोचवण्याची रीत सारखी नाही. ३२ ओहमला ०.९ व्होल्ट व २८ मिलिअॅम्पिअर लागतात, ८० ओहमला १.४ व्होल्ट व सुमारे १८ मिलिअॅम्पिअर, तर २५० ओहमला २.५ व्होल्ट पण केवळ १० मिलिअॅम्पिअर. नळाच्या उपमेने सांगावयाचे तर एकास पाण्याचा दाब हवा, दुसऱ्यास पाण्याची धार. एक व्होल्ट देणारा संगणक पहिला हेडफोन पुरेसा वाजवील, दुसरा जवळजवळ पुरेसा, आणि तिसऱ्याला ८ डेसिबल कमी पडेल. म्हणूनच पुरवठा आदेशात केवळ हेडफोनचे नाव लिहून भागत नाही, ओहमही लिहावे लागतात.

या गणितावरून अॅम्प्लिफायरच्या छापील शक्तीचा अर्थ लागतो. ‘३२ ओहमला १०० मिलिवॅट’ असे लिहिलेले उपकरण सुमारे १.८ व्होल्ट देते. त्याची मर्यादा व्होल्टची असेल, तर तेच उपकरण २५० ओहमला जेमतेम १३ मिलिवॅट देईल, आणि वरील २५ मिलिवॅटच्या गरजेस ३ डेसिबल कमी पडेल. उलट दिशेचेही उदाहरण आहे. हायफायमॅन या कंपनीचा एचई-६ हा हेडफोन ५० ओहमचा असून त्याची संवेदनशीलता अवघी ८३.५ डेसिबल आहे. ११० डेसिबलसाठी त्यास सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअॅम्पिअर लागतात. महाविद्यालयाने असा हेडफोन घेऊ नये हे उघड आहे. पण इम्पीडन्स कमी म्हणजे चालवण्यास सोपा, हा समज किती फसवा आहे हे त्यावरून दिसते. शक्तीचा आकडा विचारावयाचा तो आपल्या हेडफोनच्या ओहमला किती, असाच विचारावा. ज्यांनी १९९० च्या दशकातील टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ अशी अक्षरे वाचली आहेत, त्यांना वॅटच्या आकड्याकडे संशयाने पाहण्याचे वेगळे शिक्षण नको.

आउटपुट इम्पीडन्स : दुर्लक्षित परंतु निर्णायक

अॅम्प्लिफायरलाही स्वतःचा अंतर्गत इम्पीडन्स असतो. छापील पत्रकात तो बहुधा शेवटी असतो, कित्येकदा नसतोच. वास्तविक शक्तीनंतर पाहण्याचा आकडा हाच होय. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व कंप्रतांना सारखा राहत नाही. ३२ ओहम म्हणून विकलेला एखादा हेडफोन खालच्या सुरांत अनुस्पंदनाच्या जागी ८० ओहमपर्यंत चढतो असे समजू. अॅम्प्लिफायरचा अंतर्गत इम्पीडन्स १२० ओहम असेल, तर दाबाची वाटणी ओहमच्या नियमाने होऊन ३२ ओहमच्या कंप्रतांना १३.५ डेसिबलची घट आणि ८० ओहमच्या कंप्रतेला ८ डेसिबलची घट येते. दोहोंतील फरक साडेपाच डेसिबलचा. खालचे सूर तितके फुगतात, बोलणाऱ्याचा आवाज घुमल्यासारखा वाटतो आणि ‘स’, ‘श’सारखे वरचे ध्वनी त्याखाली दबतात. तोच हेडफोन २ ओहमच्या अॅम्प्लिफायरला जोडला, तर हा फरक केवळ ०.३ डेसिबल राहतो. तो कोणाच्याही लक्षात येणार नाही.

१२० ओहम हा आकडा काल्पनिक नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या आयईसी ६१९३८ या १९९६ च्या मानकात हेडफोन जोडणीसाठी तो सुचवलेला होता. हेडफोन ६०० ओहमचे असत त्या काळाची ती छाया होती. मोठ्या इम्पीडन्सच्या हेडफोनला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. आजच्या ३२ ओहमच्या हेडफोनला होतो. व्यवहारात असा नियम पाळला जातो की, अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा. ३२ ओहमसाठी ही मर्यादा ४ ओहम, २५० ओहमसाठी सुमारे ३१ ओहम.

एक स्रोत, अनेक हेडफोन

महाविद्यालयात अॅम्प्लिफायरची खरी गरज येथे उत्पन्न होते. एकच ध्वनिमुद्रण आठ-दहा विद्यार्थ्यांना एकाच वेळी ऐकवण्यासाठी कॅसेटच्या काळात जोडणी-पेटी वापरीत. आज तिची जागा स्वस्त वाटणी-तारांनी घेतली आहे. यांत विवर्धन काहीच नसते, सर्व हेडफोन समांतर जोडले जातात. ३२ ओहमचे दहा हेडफोन समांतर जोडले की एकत्रित इम्पीडन्स ३.२ ओहम होतो. स्रोताचा अंतर्गत इम्पीडन्स १० ओहम धरल्यास दाब एक चतुर्थांशाखाली जातो, म्हणजे १२ डेसिबलची घट. त्याहून वाईट म्हणजे एकाने हेडफोन काढला की उरलेल्यांचा आवाज वाढतो, आणि एकाची तार आत कोठे जुळली तर सर्वांचाच आवाज बंद पडतो. विद्यार्थी ‘सर, ऐकू येत नाही’ म्हणतात तेव्हा दोष त्यांच्या कानांत नसतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक हेडफोनला स्वतंत्र विवर्धक टप्पा व स्वतंत्र आवाज-नियंत्रण असलेला वितरण अॅम्प्लिफायर. चार किंवा आठ मार्गांचे असे उपकरण संगीत साहित्याच्या दुकानांत मिळते. मात्र काही उपकरणांत आतील टप्पा एकच असून पुढे केवळ रोधक लावून वाटणी केलेली असते. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. येथेही आउटपुट इम्पीडन्सचा आकडाच खरे सांगतो. तो ४७ किंवा १०० ओहम असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ते उपकरण योग्य नाही.

विकृती आणि गोंगाट

जाहिरातीत सर्वांत ठळक असणारा आकडा विकृतीचा असतो. ०.१ टक्का विकृती म्हणजे मूळ ध्वनीपेक्षा ६० डेसिबल खाली, ०.०१ टक्का म्हणजे ८० आणि ०.००१ टक्का म्हणजे १०० डेसिबल खाली. खालच्या सुरांत हेडफोनची स्वतःचीच विकृती अनेकदा ०.१ टक्क्याहून अधिक असते. तेव्हा ०.००१ ऐवजी ०.०००१ टक्क्यासाठी अधिक पैसे देणे म्हणजे मळक्या काचेवर अतिशुद्ध पाणी शिंपडण्यासारखे आहे. ०.०१ टक्का महाविद्यालयास पुरेसा. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही ओळही अशीच. किती डेसिबलच्या चढउतारासह, हे लिहिले नसेल तर तिला अर्थ नाही. लिहिले असले तरी जवळपास प्रत्येक अॅम्प्लिफायर ती अट पुरी करतो. ‘स’ ऐकू येईल की नाही हे येथे ठरत नाही, ते हेडफोनमध्ये ठरते.

गोंगाटाचा आकडा मात्र श्रवणलेखनासाठी महत्त्वाचा आहे. तो बहुधा संकेत-गोंगाट गुणोत्तर म्हणून दिला जातो, आणि हे गुणोत्तर उपकरणाच्या पूर्ण क्षमतेशी तुलना करून काढलेले असते. ५ व्होल्ट क्षमतेच्या उपकरणाचे गुणोत्तर १०० डेसिबल असेल, तर उरणारा गोंगाट ५० मायक्रोव्होल्ट होतो. एका व्होल्टला १०४ डेसिबल देणाऱ्या हेडफोनवर तो १८ डेसिबल, म्हणजे खोलीच्या शांततेत बुडून जाणारा. परंतु कानात बसणाऱ्या, एका व्होल्टला १२४ डेसिबल देणाऱ्या साधनावर तोच गोंगाट ३८ डेसिबल होतो आणि मुद्रणातील प्रत्येक विरामात सूं असा आवाज ऐकू येतो. अधिक शक्तिमान उपकरण घेतल्याने श्रवणलेखन सोपे होईल ही अपेक्षा त्यामुळे उलटते. येथे हवा तो कमी विवर्धनाचा, कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर.

वीज, अर्थिंग आणि कूलर

छापील पत्रकातील आकडे आदर्श प्रयोगशाळेत मोजलेले असतात. जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालयांच्या इमारती तशा नाहीत. अर्थिंग नसलेल्या फलकावर संगणक चालत असेल, तर त्याच्या धातूच्या कवचावर पुरवठ्याच्या जवळपास निम्मा दाब तरंगत राहतो. हात लावल्यास झिणझिण्या येतात त्या यामुळेच. अशा संगणकाला वेगळ्या फलकावरील अॅम्प्लिफायर जोडला की ५० हर्ट्झ व त्याच्या पटींतील गुणगुण हेडफोनमध्ये उतरते. तिच्यापुढे विकृतीचा ०.००१ टक्का काय कामाचा? उपाय नवे उपकरण हा नसून अर्थिंग दुरुस्त करणे आणि सर्व जोडणी एकाच फलकावरून घेणे हा आहे. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याचा प्रकार धोक्याचा असून कोणत्याही प्रयोगशाळेत तो खपवून घेऊ नये. एकट्याने श्रवणलेखन करणाऱ्यास बॅटरीवरील अॅम्प्लिफायर हा सोपा पर्याय आहे.

दुसरी बाब खोलीतील आवाजाची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शैक्षणिक संस्थांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत कूलर सुरू झाला की ही मर्यादा खोलीच्या आतच ओलांडली जाते. कूलरचा आवाज साठ डेसिबलच्या घरात असताना विद्यार्थी हेडफोनचा आवाज त्याहून बराच वर नेतो. येथे अॅम्प्लिफायर जितका समर्थ तितका धोका अधिक. कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन बाहेरील आवाज दहा-पंधरा डेसिबलने कमी करतो. तेवढा लाभ कोणताही अॅम्प्लिफायर देऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबलने ४० तास ही सुरक्षित मर्यादा मानली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की अवधी निम्मा होतो. ९० डेसिबलला तो चार तासांवर येतो, १०० डेसिबलला आठवड्यास अवघ्या चोवीस मिनिटांवर. युरोपीय मानकांत व्यक्तिगत ध्वनिसाधनाचा सर्वोच्च दाब १५० मिलिव्होल्टवर रोखला आहे, तो याच कारणाने. भाषा प्रयोगशाळेची गरज ०.१ व्होल्टची असताना ५ व्होल्ट देणारा अॅम्प्लिफायर विद्यार्थ्याच्या हाती देणे हे औदार्य नव्हे.

मागणीपत्र आणि स्वीकृती चाचणी

मागणीपत्रात प्रथम हेडफोनचे वर्णन लिहावे : बंद पाठीचा, इम्पीडन्स इतके ओहम, संवेदनशीलता एका मिलिवॅटला इतके डेसिबल. त्यानंतर अॅम्प्लिफायरचे : त्याच ओहमला किमान इतके व्होल्ट, प्रत्येक मार्गाचा आउटपुट इम्पीडन्स ४ ओहम किंवा कमी, विकृती ०.०१ टक्क्याहून अधिक नाही, उरणारा गोंगाट मायक्रोव्होल्टमध्ये. खोबणी ३.५ मिलिमीटरची की ६.३५ची, हेही लिहावे. या एका चुकीने पेट्या महिनोन्महिने न उघडता पडून राहू शकतात. दुरुस्ती नागपुरास करावी लागणार असेल, तर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा हे आधी ठरवून घ्यावे. अशा मागणीपत्रावर आलेली सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्यास हरकत नाही, कारण आता कमी दर देणारादेखील तीच वस्तू देणार आहे.

माल आल्यावर त्याची चाचणी भौतिकशास्त्र विभागात अर्ध्या तासात होते. संकेतजनित्रातून एक किलोहर्ट्झचा संकेत अॅम्प्लिफायरला द्यावा आणि हेडफोन न जोडता सीआरओवर बाहेर पडणारा दाब एक व्होल्ट करून घ्यावा. मग खोबणीच्या दोन टोकांत ३३ ओहमचा रोधक जोडून दाब पुन्हा मोजावा. पहिल्या दाबास दुसऱ्याने भागून त्यातून एक वजा करावा व उरलेल्यास ३३ने गुणावे. येतो तो आउटपुट इम्पीडन्स. रोधक जोडल्यावर ०.९४ व्होल्ट राहिला तर उत्तर सुमारे २ ओहम येते आणि उपकरण स्वीकारण्यास योग्य ठरते. ०.२५ व्होल्टवर आला तर उत्तर ९९ ओहम येते. आठही मार्गांवर हे मापन करून त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात करावी, आणि देयक लेखा विभागाकडे त्यानंतर पाठवावे.